एकालाबी न्हाई

एस्तेरबाई साळवे माझ्याशी खोटं बोलल्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि त्या भरात हे राहून जायचं. आमच्या तेव्हाच्या गावात अजून कुणी त्यांचं नाव काढलं की बायका म्हणतात, "लई मायाळू बाई होती," आणि लगेच आवाज खाली आणून दुसरंच काहीतरी बोलायला लागतात. बाई मायाळू होती हे खरंच आहे. पण मायाळू माणसानं फसवलं तर दाद कुणाकडं मागायची, हे मला अजून कळलेलं नाही.

हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराला त्या आमच्याकडं आल्या. औंढ्याहून शिरड शहापूरकडं जाताना लागणाऱ्या लहानशा गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. गावाबाहेर कापसाचं एक पडकं गोदाम होतं. मिशननं ते घेतलं, पत्रे बदलले, भिंतींना चुना लावला आणि एका दुपारी टेम्पोतून एकोणीस लेकरं आणि एक बाई उतरली. लेकरांचे आई-बाप एड्सनं गेलेले. कुणाचा बाप ट्रकवर होता, कुणाचे आई-बाप उसतोडीला जाऊन हे दुखणं घेऊन आले होते, आणि कुणाचं काय झालं ते सांगायलाच घरात कुणी उरलं नव्हतं. मिशनची अशीच घरं आफ्रिकेत होती. तिथं काम केलेल्या कुणा डॉक्टरसाहेबांनी हे इथं सुरू केलं होतं.

एस्तेरबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. पायात पुरुषी चपला आणि काखेत बाराही महिने छत्री. ती छत्री उघडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. कुत्री हाकणं आणि लेकरं मोजणं ही तिची खरी कामं. शाळा सुटली की फाटकात उभ्या राहून छत्रीचं टोक प्रत्येकाच्या डोक्याला हळूच टेकवत मोजायच्या. एकोणीस भरले की "चला" म्हणायच्या, आणि अठरा भरले तर छत्रीचं टोक तसंच हवेत राहायचं. त्यांनी वीस वर्षं जालन्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. तुमच्याशी बोलताना तुमचा हात हातात घ्यायच्या, आणि तुम्हाला वाटायचं काय जीव लावणारी बाई आहे. चार-पाच भेटींनंतर माझ्या ध्यानात आलं की बाई माझी नाडी मोजतायत.

"बाई, रगत कमी हाय तुमच्यात," एकदा मधेच म्हणाल्या. "गूळ-शेंगदाणे खात जा. रागबी जरा कमी करा."

राग कमी करा म्हणायला त्यांना काय जात होतं!

प्रार्थनेच्या बाबतीत त्यांच्याइतकी चुकार ख्रिस्ती बाई मी पाहिली नाही. जेवणाआधीची प्रार्थना शिंक यावी इतक्या वेळात उरकायच्या. एकदा मिशनचे पाळकसाहेब तपासणीला आले आणि डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करू लागले. लेकरं ताटावर बसलेली, वरणाची वाफ निवत चाललेली. एस्तेरबाईंनी मोठ्यानं "आमेन" म्हणून टाकलं आणि वाढायला उठल्या. पाळकसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा पहिला घास लेकरांच्या तोंडात होता. नंतर त्यांनी बाईंना सुनावलं म्हणे. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "देवाला घाई न्हाई, साहेब. लेकराला भूक हाय."

महाशिवरात्रीला त्यांनी सगळ्या लेकरांना औंढ्याच्या जत्रेला नेलं. इकडं गावात निम्मे लोक म्हणत होते, बाई पोरं बाटवायला आली. तिकडं मिशनमध्ये बोभाटा झाला की आपली बाई ख्रिस्ती घरातली पोरं महादेवाला घेऊन गेली. पुन्हा पाळकसाहेब आले, पुन्हा चौकशी. "पाळण्यात बसवाया नेलं," बाई म्हणाल्या. "आपल्या देवानं पाळणा काढला अस्ता तर तिथं नेलं अस्तं." मी तिथंच बसले होते. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुखण्याचं नाव त्या घ्यायच्या नाहीत. "ते दुखणं" म्हणायच्या. पण मिशनचा हुकूम होता की गावात माहिती सांगायची, म्हणून एकदा समाजमंदिरात त्यांनी चित्रांचा तक्ता टांगला. तक्ता आफ्रिकेतून आलेला. त्यात तिकडचीच लेकरं, तिकडच्याच झोपड्या, तिकडचीच कणसं. खालची माहिती मी वाचत होते आणि बाई छत्रीनं एकेक चित्र दाखवत सांगत होत्या. तांड्यावरची एक म्हातारी पुढं बसली होती. बंजारा बायका घालतात तो आरशांचा जुना कांचळी-फेटिया तिच्या अंगावर होता. बराच वेळ चित्रांकडं बघून तिनं विचारलं, "ह्या लेकराईचे मायबापबी उसतोडीलाच गेल्ते का?"

सगळे हसले. एस्तेरबाई हसल्या नाहीत. त्यांनी छत्री खाली टेकवली आणि म्हणाल्या, "व्हय आजी. तसल्याच कामाला गेल्ते." म्हातारीनं मान हलवली. त्या दिवशी गावात ज्या एका माणसाला ते दुखणं नीट समजलं, ती ही म्हातारी. तिचा मुलगा आणि सून त्यातच गेले होते आणि तिची नात जमुना त्या एकोणिसांतली होती.

आता पंगतीचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन अडलं.

मिशनच्या घरात कुणीही पाहुणा आला की त्यानं आधी लेकरांच्या पंगतीला बसायचं आणि मग कामाचं बोलायचं, हा एस्तेरबाईंचा कायदा होता. तलाठी असो, अंगणवाडीची ताई असो, नाहीतर दूध घालायला आलेला गवळी असो. एकदा जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मोठे साहेब आले. "पोट भरलंय" म्हणाले, "उपास आहे" म्हणाले, शेवटी "पथ्य आहे" म्हणाले. बाई प्रत्येक वेळी "बरं" म्हणत होत्या आणि ताट तिथंच ठेवत होत्या. साहेब जेवले नाहीत, आणि बाईंनी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. "साहेबांचं पथ्य सुटल्यावर सांगू," असं म्हणून फाटकापर्यंत पोचवायला गेल्या.

सुरुवातीच्या दिवसांत एकेका लेकरासाठी मात्र त्या आणखी एक गोष्ट करायच्या. त्याच्या ताटात वाढायच्या, त्याला दोन घास खाऊ द्यायच्या आणि मग सगळ्यांच्या देखत त्याच्या ताटातला घास उचलून स्वतःच्या तोंडात घालायच्या. त्या लेकराचं उष्टं. ज्या लेकराला घरच्यांनी महिनोन् महिने परसात वेगळ्या ताटलीत वाढलं होतं, त्याचं तोंड तेव्हा कसं व्हायचं ते मी पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. आमच्या बौद्ध घराण्याला वेगळ्या भांड्याचा इतिहास तोंडपाठ आहे. माझ्या आजोबांचा हॉटेलातला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा आणि चहा झाला की तो त्यांनीच धुऊन ठेवायचा. एस्तेरबाईंचे आजोबाही त्याच कपाला कंटाळून ख्रिस्ती झाले होते. "तुमाला मी ताटाचं काय सांगावं, बाई," त्या बाहेर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, गावात मला एक मैत्रीण मिळाली.

बाईंच्या उष्टं खाण्याची बातमी गावभर झाली, आणि गावानं त्याचा सरळ अर्थ काढला. दुखणं उष्ट्यानं लागतं असं गावाचं पक्कं मत होतं. बाई नर्स आहे. नर्सला काय कळत नसेल? ती उष्टं खाते, त्या अर्थी लेकरं चांगली आहेत. माझ्या वर्गातल्या पोरांच्या आयाही असंच बोलायच्या. एस्तेरबाई ऐकायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. आजार उष्ट्यानं होत नाही, हे ओरडून सांगायची सगळ्यात चांगली संधी ती होती. त्या वेळी मला हे सुचलंसुद्धा नाही.

जूनमध्ये लेकरांना शाळेत घालायची वेळ आली. अर्ज आले आणि गाव बिथरलं. मिशनच्या घरी जाऊन घटकाभर कौतुक करणं वेगळं आणि आपल्या पोराच्या मांडीला मांडी लावून बसवणं वेगळं. सरपंचांनी शाळेच्या मैदानात बैठक ठेवली. आदल्या संध्याकाळी मी एस्तेरबाईंकडं गेले. त्या ओसरीवर तांदळातले खडे वेचत होत्या. मी आडवळण घेतलं नाही.

"उद्या मला विचारतील. मला खरं सांगा. यातल्या कुणाला ते दुखणं आहे का?"

"मायबाप त्यानं गेले. लेकरं सोच्छ हायत."

"एकालाही नाही?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "एकालाबी न्हाई."

तेवढं मला पुरलं. दुसऱ्या दिवशी मैदानात एकेकजण उठून बोलत होता. सरपंच म्हणाले, "बाई, तुमी शिकेल माणूस. तुमी सांगा. ह्या लेकराईला तो आजार हाय का न्हाई?"

मी उभी राहिले. "नाही," म्हणाले. "मी जामीन आहे. माझी सुजाता तिसरीत आहे. उद्यापासून ती त्यांच्याच शेजारी बसेल. आणखी काय पाहिजे?"

आणखी काही नको होतं. गाव उठलं, घरोघर गेलं आणि दुसऱ्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस लेकरं शाळेत आली. सुजाता जमुनाशेजारी बसली. जमुनाला मराठी अडखळत यायचं, तांड्यावरची गोरमाटीच तिच्या तोंडात. तिला एका जागी बसणं माहीत नव्हतं. आठ दिवसांत सुजाता गोरमाटीत शिव्या शिकून आली. माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पुढं दीड वर्ष त्या दोघी एकमेकींच्या दप्तरातून खात होत्या. मी पाहायची आणि मनातून फुलून जायची. आपण काहीतरी केलं असं माणसाला आयुष्यात किती वेळा वाटतं?

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. दोघी आता चौथीत, पण माझ्याच वर्गात, कारण शाळेत चार वर्गांना आम्ही दोघंच शिक्षक. मधल्या सुट्टीत जमुना पळता पळता शाळेच्या पायरीवर आपटली. कपाळ फुटलं. रक्त थांबेना. मी धावले, तिला मांडीवर घेतलं आणि हातानंच जखम दाबून धरली. त्या दिवशी सकाळी विळीवर माझं बोट चांगलंच कापलं होतं, वर चिंधी बांधली होती. ती चिंधी भिजून लाल झाली. माझं तिकडं लक्षही नव्हतं. एका पोराला मिशनकडं पळवलं.

एस्तेरबाई धावत आल्या. छत्री नव्हती. मला वाटलं होतं त्या आधी जमुनाकडं बघतील. त्यांनी माझं मनगट धरलं. चिंधी बघितली आणि ओढून फेकून दिली. माझा हात फरफटत नळाखाली नेला आणि साबणानं घासायला लागल्या. बोट पिळत होत्या, घासत होत्या, पुन्हा पाणी. जमुना तिकडं रडत होती आणि त्या तिच्याकडं वळून बघत नव्हत्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला सगळं समजलं.

संध्याकाळी मी मिशनवर गेले. जमुनाच्या कपाळाला पट्टी बांधलेली होती, ती अंगणात दुसऱ्या पोरींबरोबर खेळत होती.

"खोटं बोललात," मी म्हणाले.

"व्हय."

"किती जणांना आहे?"

"सहा."

"आणि माझ्याशी खोटं? गावाशी बोलला असतात तर मी समजले असते. माझ्याशी?"

"गावानं तुमालाच इचारलं अस्तं," त्या म्हणाल्या. "आन् तुमाला खोटं बोलता येत न्हाई. तुमच्या तोंडावर दिसतं."

"माझी लेक दीड वर्ष तिच्याशेजारी बसली."

"बसल्यानं होत न्हाई. जेवल्यानं होत न्हाई. हे तुमाला म्या पहिल्याच दिशी सांगितलं."

"आणि रक्तानं? माझ्या बोटाला जखम होती. मला माहीत असतं तर मी हात लावायच्या आधी विचार केला असता. हातमोजे घातले असते. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला एवढं कळलं नाही?"

त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं. म्हणाल्या, "कळलं व्हतं. रोज वाटायचं आज सांगावं. रोज वाटायचं, सांगितलं आन् बाईनं लेकराला हातच लावला न्हाई तर?"

"मी तशी आहे?"

"मला खरं म्हाईत अस्तं तुमी कशा हायत, तर सांगितलं अस्तं." मग त्यांनी विचारलं, "सांगितलं अस्तं तर तुमी उभ्या ऱ्हायल्या अस्त्या?"

"राहिले असते."

"मंग म्या चुकले. माफी करा."

इतक्या चटकन माफी मागितली की माझा राग दुप्पट झाला. भांडायलाही जागा ठेवली नाही त्या बाईनं. मी फाटकाबाहेर पडले आणि रस्ताभर तेच म्हणत होते, राहिले असते, राहिले असते. आज इतक्या वर्षांनी मला ते वाक्य तसं ठामपणे म्हणता येत नाही, आणि यासाठीही मी त्यांच्यावरच चिडलेली आहे.

परभणीला जाऊन तपासणी केली. त्या सोबत येते म्हणत होत्या, मी नको म्हणाले. पहिला रिपोर्ट चांगला आला, पण डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत करा, तेव्हाच नक्की सांगता येईल. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात शिकवायची, स्वयंपाक करायची, आणि घरात मी माझं ताट वेगळं केलं. माझा पेला, माझी वाटी, वेगळी घासून फळीच्या टोकाला पालथी. कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तर उलट सांगितलं होतं की याची काही गरज नाही. मला सगळं पाठ होतं. समाजमंदिरातला तो तक्ता मीच तर गावाला वाचून दाखवला होता. तरी रात्रीची भाकरी वाढून घेताना हात त्या वेगळ्या ताटाकडंच जायचा. माझ्या आजोबांच्या नातीनं स्वतःच्या हातानं स्वतःचा कप खिळ्याला टांगला.

नवऱ्याच्या ते ध्यानात यायला आठवडा लागला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. गावात कुणाला एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी सुजाताचं दप्तर भरलं आणि तिला हिंगोलीला आपल्या आईकडं नेऊन ठेवलं, तिथल्या शाळेत घातलं. मी दारात उभी होते. "जाऊ द्या" म्हणाले नाही, "नका नेऊ" असंही म्हणाले नाही. सुजाता विचारत होती, जमुनाला सांगून येऊ का? तिचे वडील म्हणाले, बस निघून जाईल.

गावाला काही सांगावं लागलंच नाही. ज्या बाईनं जामीन दिला होता, तिचीच लेक वर्गातून उठली. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, सुजाता कुठं गेली? दुसऱ्या दिवशी विचारायचं थांबले. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात मिशनची चार पोरं आणि मी. सरपंच माझ्याकडं आले, पायरीवरच उभे राहिले. "बाई, आता काय म्हणून सांगायचं लोकाईला?" मी म्हणाले, "मला विचारू नका." एवढंच म्हणाले. माझ्या मनात तेव्हा काय होतं हे मी नीट लिहून ठेवते. मनात होतं, भोगा म्हणावं बाईंना. मला फसवलं ना, आता भोगा.

भोगलं ते लेकरांनी. महिनाभर बाईंनी गोदामातच शाळा भरवली. मग दूध बंद झालं, किराणा दुकानदार उधारी नाही आणि रोखीही नाही म्हणाला. शेवटी मिशननं घर बंद करून सगळ्यांना जालन्याकडं हलवायचं ठरवलं. निघायच्या सकाळी टेम्पोचा आवाज मला घरात ऐकू आला. मी गेले नाही. खिडकीशीही गेले नाही.

तीन महिन्यांचा रिपोर्ट चांगला आला. मला काही झालं नव्हतं. त्याच आठवड्यात जालन्याहून एक आंतर्देशीय पत्र आलं. वाकडंतिकडं अक्षर, दोनच ओळी. लेकरं बरी आहेत. रिपोर्ट काय आला ते कळवा. मी कळवलं नाही. महिन्यानं दुसरं आलं, तेच. मग तिसरं. मी ती पत्रं फाडली नाहीत आणि उत्तरही दिलं नाही. मला माहीत होतं त्या वाट बघत असतील. वाट बघू दे, असंच मी ठरवलं होतं. पुढच्या वर्षी आमची बदली जिल्ह्यातल्याच गोरेगावला झाली आणि पत्रं यायची थांबली.

पाच वर्षांनी हिंगोलीच्या बसस्टँडवर मला त्या दिसल्या. नांदेडहून आल्या होत्या. सरकारी दवाखान्यात त्या दुखण्याच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या होत्या, आणि त्या एका पोरीला घेऊन तिकडं गेल्या होत्या. पोरगी उंच झालेली, पण मला ओळखू आली. कपाळावर माझ्या शाळेच्या पायरीची खूण होती.

एस्तेरबाई खूप थकल्या होत्या. मला बघून उठल्या आणि पहिला शब्द, "रिपोर्ट?"

"चांगला आला," मी म्हणाले. "तेव्हाच आला होता."

त्या एकदम बाकड्यावर बसल्या. दोन्ही हात तोंडावर धरले. पाच वर्षं ही बाई मी जिवंत आहे का नाही याचा विचार करत होती, आणि मला ते माहीत होतं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही की का कळवलं नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडं उत्तर तयार होतं.

जमुना माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मराठी आता स्वच्छ बोलत होती. "बाई, सुजाता कशी हाय? ती मला सांगूनबी गेली न्हाई."

मी तोंड उघडलं. मला खोटं बोलता येत नाही, माझ्या तोंडावर दिसतं, हे मला सांगितलं होतंच. तेवढ्यात बाकड्यावरून एस्तेरबाई म्हणाल्या, "सांगितलं न्हवतं का तुला? तिची आजी लई बिमार पडली व्हती. एकाएकी जावं लागलं. सांगाया येळच भेटला न्हाई. न्हाई का हो, बाई?"

माझ्या सासूबाई तेव्हा ठणठणीत होत्या. आजही आहेत. मी एस्तेरबाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, लांब बसची पाटी वाचत होत्या.

"हो," मी म्हणाले. "आजी फार आजारी होती."

"मावशीनं तवाच सांगितलं व्हतं," जमुना एस्तेरबाईंकडं बोट करून म्हणाली. "मी तवापासून रोज मागते देवाला, सुजाताच्या आजीला बरं कर म्हणून. आजबी सकाळी मागितलं. बरी झाली का मंग आजी?"

जालन्याची बस लागली. लोक दाराकडं पळाले. एस्तेरबाईंनी पिशवी उचलली आणि पोरीचा हात धरला, पण ती हलेना. माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

"झाली," मी म्हणाले. "बरी झाली."